चिमणकाका आणि न बसणारे बत्तीस

चिमणकाकांना कोणी नमस्कार केला की ते उत्तरादाखल "किती?" असं विचारत. लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलात तरी "किती?", बारशाला बोलावलंत तरी "किती?". नव्या माणसाला वाटे, हा जेवणाच्या पानांची चौकशी करतोय. काकांना विचारायचं असे, डोकी किती. फोटोत किती जण उभे राहणार, एवढं कळलं की त्यांचा जीव भांड्यात पडे आणि मग ते ये, बैस, पाणी घे वगैरे म्हणत.

डहाणूरोड स्टेशनच्या जवळ त्यांचा स्टुडिओ होता. पाटीवर स्वतःचं नाव नाही, गावाचं नाव नाही, नुसतं 'फोटो'. "डहाणूत फोटोग्राफर एकच. बाकीचे बटण दाबणारे," असं ते सांगत, आणि हे सांगताना आवाज मुद्दाम चढवत, कारण समोरच दुसरा स्टुडिओ होता. ते घरात गुजराती बोलत, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि कॅमेऱ्याशी हिंदी. कॅमेरा अडला की "अबे चल ना, क्यों नखरा करता है" असं त्याला चारचौघांत सुनावत. विनय नावाची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. पण फोटोत एकाचा चेहरा जरी अर्धा झाकला गेला, तरी हा माणूस दिवसभर जेवत नसे.

मी तलासरीच्या एका शाळेत गणित शिकवते आणि राहते डहाणूला. यजमान रेल्वेत, त्यामुळे साताऱ्याहून इथे आले ती इथलीच झाले. शाळेतल्या माझ्या पहिल्याच वर्षी दहावीच्या ग्रुप फोटोला चिमणकाका आले. एसटीतून उतरले ते खांद्यावर स्टँड आणि तोंडात प्रश्न घेऊनच.

"किती?"

"पंचेचाळीस. शिक्षक धरून," मी म्हटलं.

त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून एकदा फिरला. "पाच रांगा. सात, आठ, नऊ, दहा, अकरा. चालो, सात जण जमिनीवर."

मी मनात बेरीज केली. बरोबर पंचेचाळीस. जमिनीवर सात, खुर्च्यांवर आठ, मागे उभे नऊ, बाकांवर दहा, टेबलांवर अकरा. मी गणिताची बाई, मला राहवेना. हे इतक्या झटकन कसं काढलंत, म्हणून विचारलं.

"मधला पकडायचा नी, बेन. बाजूचे आपोआप येतात. पाच रांगा, पंचेचाळीस, म्हणजे मधली नऊची. तिच्या पुढे एकेक कमी करत जा, मागे एकेक वाढवत जा. झाला."

"आणि रांगा चार असल्या तर? मधली कुठली?"

"मग मधल्या दोन. अडतीस डोकी घ्या. अर्धे किती? एकोणीस. एकोणीस म्हणजे नऊ नि दहा. त्या दोन मधल्या. पुढे आठ, मागे अकरा." आणि मग वर्गातल्या पोरांकडे वळून, "काय रे, तुमची टीचर हुशार हाय. दुसरा कोण विचारत नाय."

प्रत्येक रांगेत पुढच्या रांगेपेक्षा एक जास्त, हा त्यांचा धर्म होता. कारण साधं होतं. पुढच्या दोन डोक्यांच्या मधल्या फटीत मागचा चेहरा बसवायचा. दोन टोकांना आणखी एकेक उभा करायचा. मग मागची रांग आपोआप एकाने मोठी होते आणि कोणी कोणाला झाकत नाही. म्हणून डोक्यांचा आकडा कळला, की तो लागोपाठच्या आकड्यांत फोडायचा. ही सवय त्यांना इतकी जडली होती की बँकेच्या रांगेत उभे राहिले तरी पुटपुटत, "सत्तावीस. आठ, नऊ, दहा." आमच्या घराच्या वास्तुशांतीला जेवणाची पानं मांडलेली असताना त्यांनी सगळ्यांना उठवून ओट्यावर उभं केलं होतं, कारण माणसं एकवीस होती आणि सहा, सात, आठ असा सुंदर आकडा म्हणे वाया घालवायचा नसतो. भात गार झाला, पण फोटो छान आला.

हे सगळं वेड वाटेल, आणि मलाही बरीच वर्षं तसंच वाटलं. त्यामागचं कारण त्यांनी मला फार उशिरा सांगितलं, पण तुम्हाला आताच सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आता पोराटोरांच्या हातात मोबाइल आहे. चिमणकाका तरुण होते तेव्हा आतल्या पाड्यांवर कितीतरी घरांमध्ये एकही फोटो नसे. असलाच तर मुलाच्या शाळेचा, सगळ्या वर्गाचा. ते मूल अकाली गेलं, की तो ग्रुप फोटो घेऊन आईबाप स्टुडिओत येत आणि म्हणत, यातला आमचा तेवढा वेगळा काढून मोठा करून द्या. फ्रेम करून भिंतीला लावायचा, हार घालायचा. काका तो चेहरा मोठा करून देत. असे किती चेहरे त्यांनी काढून दिले असतील ते त्यांनाच माहीत.

धंद्यात नवे असताना त्यांनी रानशेतच्या बाजूच्या एका शाळेत फोटो काढला होता. मुलं बत्तीस. बत्तीस काही केल्या लागोपाठच्या रांगांत बसेनात. दहा, अकरा आणि मागे बाराच्या जागी अकरा, म्हणजे मागच्या रांगेत एका टोकाला जागा मोकळी राहायची. आता फोटोत मोकळी जागा दिसली की आमच्याकडे लोक विचारतात, "इथला कोण गेला?" ते अशुभ नको, म्हणून काकांनी मागची रांग सरकवून मधोमध केली. आता प्रत्येक जण पुढच्याच्या बरोबर मागे आला. बाकी मुलं बाकावर उंच दिसली. किसन नावाचा एक ठेंगणा मुलगा तेवढा पुढच्याच्या डोक्याआड गेला. पुढच्या वर्षी किसन तापाने गेला. त्याची आई, जानीबाई, तो फोटो फडक्यात गुंडाळून डहाणूला आली. काकांनी भिंग लावून पाहिलं. किसनच्या जागी एक कान आणि थोडे केस, एवढंच होतं.

"मी तिला बोललो, नाय निघणार. ती काय बोलली नाय. फोटो परत गुंडाळला नि गेली," काका म्हणाले. त्यानंतर रानशेतच्या बाजूचं काम त्यांनी कधी घेतलं नाही. कासाच्या बाजाराला ती येते असं कोणीतरी सांगितलं, तर कासाही सोडलं. आपल्याला बेरीज जमली नाही म्हणून एका आईला तिच्या पोराचा चेहरा मिळाला नाही, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. सातवीत गणितात नापास होऊन शाळा सोडलेला माणूस. दुसऱ्या कोणा शिकलेल्याला ते बत्तीस नक्की जमले असते, असं त्यांना वाटे.

तेव्हापासून बत्तीसची त्यांना धास्ती होती. कुठे बत्तीस निघाले की ते बाहेरून एक माणूस पकडून आणत. तेहतीस म्हणजे दहा, अकरा, बारा, सुखाचा आकडा. त्यामुळे आमच्या तालुक्यातल्या जुन्या फोटोंमध्ये भलतीच माणसं सापडतात. सातवीच्या वर्गात कुल्फीवाला आहे, महिला मंडळात एक हवालदार आहे आणि एका क्रिकेट संघाबरोबर खिचडी शिजवणाऱ्या मावशी डावासकट उभ्या आहेत. माणसंही हौसेने उभी राहत. तो कुल्फीवाला आजही सांगतो की आपण शाळेत होतो आणि पुरावा आहे.

चौसष्टचंही तसंच. एकदा आमच्या शाळेत वरचे एक अधिकारी आले होते. शाळेच्या पायऱ्यांवर फोटो ठरला. साहेब मधल्या खुर्चीवर बसले, हातातला पुष्पगुच्छ सरळ धरला. काका मोजत होते, थांबत होते, परत मोजत होते. मग माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "बेन, चौसष्ट. कुल्फीवाला आणू?"

हेडसरांनी ते ऐकलं. "साहेबांच्या शेजारी कुल्फीवाला? चिमणभाई, माझी पेन्शन जवळ आलीय हो."

काका दोन मिनिटं डोकं खाजवत उभे राहिले आणि मग थेट साहेबांसमोर जाऊन म्हणाले, "साहेब, तुमी जरा बाहेर या नी. तुमच्यामुळे बसत नाय."

हेडसर तर पांढरे पडले. साहेबांनी विचारलं, "काय बसत नाही?" मग काकांनी त्यांना पायरीवर उभं करून सांगितलं, त्रेसष्ट असले तर आठपासून तेरापर्यंत सहा रांगा होतात, कोणाचा चेहरा जात नाही, चौसष्टव्याने सगळी घडी मोडते. साहेबांनी पेन काढून हातावर बेरीज केली आणि खो खो हसले. "मग मी काय करू?" काकांनी कॅमेराच त्यांच्या हातात दिला. तो फोटो साहेबांनी काढला, आणि जाईपर्यंत तेच सगळ्यांना सांगत होते. काका मात्र नाराज होते, कारण फोटो एका बाजूला कलला होता.

किसनची गोष्ट त्यांनी मला सांगितली ती स्टुडिओ आवरताना. गेल्या वर्षी काकी गेल्या. मुलगी नवसारीला. ती म्हणाली, पप्पा, आता एकटे राहायचं नाही, स्टुडिओ बंद करा. काकांनीही फार ताणलं नाही. सामान काढायला मी एका रविवारी दुपारी मदतीला गेले, तर काका काउंटरवर फिल्मच्या जुन्या प्लास्टिकच्या डब्या मांडून बसले होते. रांगा लावत होते, मोडत होते. शेवटी एक डबी हातात उरत होती, नाहीतर एक कमी पडत होती.

"बत्तीस?" मी विचारलं.

"बत्तीसच. जायच्या आधी एकदा जमवून बघतो. पाच करून बघितल्या, सहा करून बघितल्या. एकच रांग केली तर बसतात, पण कॅमेऱ्यात मावत नाय." आणि मग किसनची सगळी हकीकत त्यांनी सांगितली. बोलताना डब्यांकडेच बघत होते.

मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "काका, हे कधीच बसणार नाहीत."

"माझ्याच्याने नाय बसणार, ते ठाऊक हाय."

"तुमच्याच्याने नाही, कोणाच्याच्याने नाही. बघा, तुमचाच नियम. रांगा तीन, पाच, सात अशा असल्या की एक रांग बरोबर मध्ये येते. मग एकूण डोकी म्हणजे मधली रांग गुणिले तीन, नाहीतर पाच, नाहीतर सात. म्हणजे आकड्याला अशा एखाद्या विषम आकड्याने भाग जायलाच हवा."

"हां. आणि रांगा चार, सहा असल्या तर?"

"मग मध्ये दोन रांगा. नऊ नि दहा, दहा नि अकरा. लागोपाठच्या दोन आकड्यांची बेरीज कधी सम येते का?"

त्यांनी अंगठा पेरांवर फिरवला. "नाय. एकोणीस. एकवीस. विषमच."

"आणि त्यांच्या बाहेरची जोडी, तीही तेवढीच. म्हणजे परत विषमाने भाग जायलाच हवा. आता बत्तीस घ्या. निम्मे करा."

"सोळा."

"परत."

"आठ. चार. दोन. एक." ते थांबले. "शेवटचा एक सोडला तर यात विषम कुठंच नाय."

"नाहीच. चौसष्टमध्येही नाही. म्हणून ते दोन आकडे तुम्हाला छळतात."

काकांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "म्हणजे मुंबईच्या फोटोग्राफरला पण नाय जमणार?"

"नाही."

"अहमदाबादच्या?"

"नाही हो."

"कॉम्प्युटरला?"

"कॉम्प्युटरलाही नाही."

आणि ते असे हसायला लागले की समोरचा स्टुडिओवाला दारात येऊन बघायला लागला. "अरे, तुलाही नाय जमणार!" असं त्यांनी त्याला ओरडून सांगितलं. त्या बिचाऱ्याला काय कळणार. लिंबूसोडा मागवला, मला पाजला, त्या शत्रूलाही पाजला. इतक्या वर्षांत या माणसाला इतकं हलकं झालेलं मी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, वर्गात इतकी वर्षं शिकवलं त्यातल्या कुठल्याच धड्याचा मला एवढा आनंद झाला नाही.

सोडा संपल्यावर मात्र ते शांत झाले. "पण बेन, मोकळी जागा ठेवता आली असती. लोक काय बोलतील म्हणून मी रांग सरकवली. त्यात गणिताचा काय दोष?"

गणिताने त्यांची अर्धी सुटका केली, उरलेली जानीबाईच्या हातात होती. तेच म्हणाले, "नवसारीला जायच्या आधी तिला भेटून येतो. तुमी येता काय? एकट्याने पाय उचलत नाय."

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही कासाकडे जाणाऱ्या बसने रानशेतला उतरलो. तिथून पाडा आत, पायी. काकांनी ठेवणीतला सफारी घातला होता आणि गळ्यात कॅमेरा होता. कॅमेऱ्याशिवाय त्यांना बाहेर पडता येत नसे. वाटेत ते एकदाही कोणाला "किती?" असं म्हणाले नाहीत. एका आंब्याखाली थांबून मला म्हणाले, "ती शिव्या घालेल तर घालू दे. तुमी मध्ये बोलू नका." म्हातारी जिवंत आहे एवढंच आम्हाला बसमधल्या एकाने सांगितलं होतं.

जानीबाई अंगणात भात वाळत घालत होती. पाठीत वाकलेली, पण नजर तीक्ष्ण. काकांनी स्वतःची ओळख सांगायला सुरुवात केली, तर तिने हात वर करून थांबवलं. "तू फोटोवाला. म्हातारा झाला." आमच्याशी ती बाजारातलं मराठी बोलत होती.

काका उभ्याउभ्याच बोलले. बत्तीस मुलं, मोकळी जागा, सरकवलेली रांग, सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "माझ्यामुळे तुझ्या पोराचा चेहरा गेला. माफी मागायला आलो," असं म्हणून त्यांनी हात जोडले. मला तिथे उभं राहणं कठीण झालं.

जानीबाई आत गेली. मला वाटलं, संपलं. पण ती आतून बोलावत होती. भिंतीवर तो वर्गाचा फोटो होता, काच लावलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. तिने मागच्या रांगेवर नेमकं बोट ठेवलं. "हा किसन. माझ्या पोराचा कान मला कळत नाय काय? रोज बघते."

"त्या दिवशी तुझा लय राग आला," ती म्हणाली. "वाटेभर रडले. एकट्याचा फोटो पाहिजे होता, हार घालायला. मग हाच लावला. आता याला हार कसा घालू? बाकीची पोरं जिती हायत. तो खंडू शेतावर जातो, ती सुमन नरपडला दिली. जित्या माणसाला कोण हार घालतो? म्हणून किसनला कधी हार घालाय लागला नाय. तो आपला पोरांमध्ये उभा हाय." तिने पदराने काच पुसली. "बरं झालं ते, भाऊ. घातला असता तर रोज मेलेला दिसला असता."

काका तिथेच जमिनीवर बसले आणि तोंडावर हात घेऊन रडले. म्हाताऱ्या पुरुषाचं रडणं बघवत नाही, पण मला त्या वेळी वाईट वाटत नव्हतं. कोणीतरी त्यांच्या छातीवरचा दगड उचलून बाजूला ठेवावा, तसं वाटलं. जानीबाईने सुनेला कोरा चहा टाकायला सांगितला आणि काकांना म्हणाली, "रडून झालं की सांग. घरच्यांचा फोटो काढ. आला हायस तर."

चहा झाला. घरातली, शेजारची, हाकेला आलेली सगळी माणसं अंगणात गोळा झाली. कडेवर पोरं, पायात कोंबड्या, कोणी उकिडवं, कोणी खांबाला टेकून. जानीबाई मध्ये पालथ्या टोपलीवर बसली. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीने खाली घेतला. "तो मागचा भाऊ जातोय आजीच्या मागे. दिसत नाय. जरा सरका."

कोणी सरकलं नाही. जानीबाईने मागे वळूनही पाहिलं नाही. "राहू दे रे. मागं कोण हाय ते आमाला म्हायती हाय."

चिमणकाकांनी तिच्याकडे पाहिलं. मग हसले आणि कोणाला न सरकवता, न मोजता त्यांनी बटण दाबलं.